अटल सेतूवरचा वेग ऑटोक्रॉसमध्ये कामाचा नाही

शिवडीहून न्हावा शेवाकडे येणाऱ्या अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झालं, आणि नवी स्पोर्ट्स कार घेतलेल्या अनेकांना गाडी ‘मोकळी करायला’ हक्काची जागा मिळाल्यासारखं वाटलं. लांबी २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा किलोमीटर समुद्रावर, मध्ये सिग्नल नाही. पहिल्यांदा ऑटोक्रॉसमध्ये उतरायचं ठरवलेला माणूस तयारीची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच करतो. पहाटे उठायचं, पुलावर जायचं, गाडी दाबायची. ही सवय कायद्यात बसत नाही आणि खेळातही उपयोगी पडत नाही. दोन्ही कारणं सविस्तर सांगायला हवीत.

आधी कायदा. सेतूवर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, चढ-उताराच्या रॅम्पवर ४०ची. ती ओलांडली की दंड. दोन गाड्यांनी एकमेकींशी चढाओढ केली किंवा कुणी वेगाची चाचणी घेतली, तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ लागतं. त्यात पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर कैद एक वर्षापर्यंत जाते. हे कलम सार्वजनिक ठिकाणासाठी आहे. त्यामुळे सेतूच्या न्हावा शेवा बाजूला राहणाऱ्यांची ‘उलव्याच्या आतल्या रस्त्यांवर पहाटे कुणी नसतं’ किंवा ‘द्रोणागिरीकडे रविवारी सगळं सुनसान असतं’ ही सबब चालत नाही. शिवाय बंदराकडच्या रस्त्यांच्या कडेला दिवे बंद करून उभे असलेले कंटेनर ट्रेलर अंधारात शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत. तिथे ‘प्रॅक्टिस’ करणाऱ्याची मला खरोखर काळजी वाटते.

आता खेळ. ऑटोक्रॉस म्हणजे गाड्यांची शर्यत, हा सगळ्यात पसरलेला समज. त्याला एक कारण आहे: युरोपात याच नावाने मातीच्या ट्रॅकवर अनेक गाड्या एकत्र पळवतात आणि व्हिडिओ त्यांचेच जास्त दिसतात. आपल्याकडे मैदानावर एक मार्ग आखलेला असतो, त्यावर एका वेळी एक गाडी सुटते आणि घड्याळ लावलेलं असतं. कमी वेळ घेणारा जिंकतो. मार्ग आखायला केशरी प्लास्टिकचे ट्रॅफिक कोन असतात. कोन पाडला की वेळेत सेकंद वाढतात. अमेरिकेतल्या एससीसीए या मोटारस्पर्धा संघटनेच्या स्पर्धांत दोन सेकंद. आपल्याकडे किती, हे त्या स्पर्धेच्या नियमपत्रिकेत बघायचं. मार्गच चुकलात तर ती फेरी, म्हणजे रन, सहसा बाद. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होत आलेली ‘व्हॅली रन’ हा वेगळा प्रकार, ती ड्रॅग स्पर्धा. तिथे सरळ रेषेत ताकद मोजली जाते. इथे बहुतेक रन दुसऱ्या गिअरमध्येच संपते.

यातूनच पुढचा समज निघतो: ‘गाडी जितकी ताकदवान, तितकी पुढे.’ साधं गणित करून बघा. मैदानावर १५ मीटर त्रिज्येचं वळण आहे आणि कोरड्या डांबरावर रस्त्याच्या चांगल्या टायरची पकड ०.९ धरली. ते वळण ताशी ४१ किलोमीटरपेक्षा जास्त वेगात घेता येत नाही. इंजिन १०० हॉर्सपॉवरचं असो की ५००चं, आकडा तोच. पण तुम्ही बाहेरून आलात, आतल्या कोनाजवळून गेलात आणि पुन्हा बाहेर सुटलात, तर तेच वळण १८ मीटरचं होतं आणि वेग ताशी ४५ पर्यंत जातो. हे ताशी चार किलोमीटर बाजारात विकत मिळत नाहीत. ते रेषेत असतात. भारतातल्या ऑटोक्रॉसच्या मैदानांवर वर्षानुवर्षं मारुतीची जिप्सी, होंडा सिटी, फोक्सवॅगन पोलो अशा गाड्या मोठ्या गाड्यांना का झुंजवत आल्या, याचं बरंचसं उत्तर या हिशोबात आहे.

स्पोर्ट्स कारवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परदेशी व्हिडिओंत दिसणारं गुळगुळीत डांबराचं मैदान इथे मिळेलच असं नाही. आपल्याकडचं ऑटोक्रॉस पुष्कळदा मातीवर होतं. जेमतेम १२० मिलीमीटर उंचीची गाडी खडीत नेली तर ऑइल सम्प फुटायला एक दगड पुरतो. म्हणून नाव नोंदवण्याआधी आयोजकाला पहिला प्रश्न विचारायचा: पृष्ठभाग कोणता? माती असेल आणि गाडीखाली सम्प गार्ड नसेल, तर गाडी घरी ठेवावी आणि प्रेक्षक म्हणून जावं. भावाची हॅचबॅक घेऊन उतरलात तर त्याहून उत्तम.

‘आधी एक्झॉस्ट, मग चिप, मग स्पर्धा’ हा क्रम गॅरेजवाल्यांच्या सोयीचा आहे. कंपनीच्या मूळ रचनेत मनाने केलेले बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतात, आणि स्पर्धेतही बदल केलेली गाडी वरच्या, म्हणजे कठीण वर्गात ढकलली जाते. पहिल्या वर्षी खर्च करायचाच असेल तर टायर आणि ब्रेक ऑइल, बस.

ब्रेक ऑइलबद्दल जरा थांबून सांगतो, कारण आपल्या किनारपट्टीवर ते दुर्लक्षून चालत नाही. हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसला उकळतं, पाणी मुरलेलं १५५ अंशांनाही उकळू शकतं. ऑटोक्रॉसमध्ये ब्रेक थोडा वेळच लागतात, पण एकामागोमाग एक रन झाल्या की उष्णता साठते. ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले की पेडल पायाखाली मऊ पडतं. खाडीकाठच्या दमट हवेत उभी राहणारी गाडी असेल आणि दोन वर्षांत ऑइल बदललेलं नसेल, तर स्पर्धेआधी बदलाच. गाडी कमी चाललीये, मग ऑइल चांगलंच असणार, हा तर्क चुकीचा आहे. पाणी मुरायला किलोमीटर लागत नाहीत, काळ लागतो.

टायरच्या हवेबाबत दोन टोकाचे सल्ले ऐकू येतात. एक म्हणतो हवा काढा, पकड वाढते. दुसरा म्हणतो ठासून भरा. दोघांचंही न ऐकता डांबरावर खडूचा उपाय करा. गाडी थंड असताना दाराच्या पट्टीवर छापलेला आकडा धरून हवा भरा. मग प्रत्येक टायरवर, जमिनीला टेकणाऱ्या नक्षीपासून खांद्यावरून बाजूच्या भिंतीपर्यंत, पांढऱ्या खडूची एक जाड रेघ ओढा. रन झाली की वाकून बघा. पुष्कळ टायरांच्या खांद्यावर एक छोटा त्रिकोण कोरलेला असतो. खडू त्या त्रिकोणापर्यंत पुसला गेला असेल तर हवा बरोबर. त्याच्याही खाली, भिंतीवर पुसला गेला असेल तर टायर वळणात आडवा पडतोय, दोन पीएसआय वाढवा. त्रिकोणाच्या बराच अलीकडे थांबला असेल तर थोडी काढा. पुढची आणि मागची चाकं वेगळी उत्तरं देतील, ते ठीकच आहे. तापल्यावर हवा आपोआप वाढते, म्हणून प्रत्येक रननंतर मोजून वहीत लिहा.

स्क्रुटिनी, म्हणजे स्पर्धेआधीची तपासणी, हे नुसते सोपस्कार आहेत असं समजू नका. बॅटरी हलते का, चाकांचे नट घट्ट आहेत का, गळती आहे का, हे तिथे बघतात. डिकी आणि केबिन पूर्ण रिकामी हवी. पायाखालची मॅट ब्रेकच्या पेडलखाली सरकते आणि सीटखालची पाण्याची बाटली पहिल्याच जोरदार ब्रेकला पुढे येते. हेल्मेटबद्दल नियमपत्रिका वाचा. दुचाकीचं आयएसआय हेल्मेट काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही. मोटारस्पर्धेच्या हेल्मेटचं आतलं अस्तर आग सहन करणारं असतं.

विम्याचा समज सगळ्यात महाग पडतो. ‘फर्स्ट पार्टी आहे, काही झालं तर कंपनी बघेल.’ आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत वापराच्या मर्यादांचं कलम असतं आणि त्यात आयोजित शर्यत, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल हे स्पष्टपणे वगळलेलं असतं. मैदानावर झालेलं नुकसान तुमच्या खिशातून जाणार, असंच धरून चाला.

मग सराव करायचा कुठे? देशात या खेळाची मान्यताप्राप्त संघटना एफएमएससीआय आहे. कोणती स्पर्धा अधिकृत आहे आणि कोणता परवाना लागेल, ते तिच्याकडून कळतं. नाशिकची वेस्टर्न इंडिया स्पोर्ट्स असोसिएशन आणि मुंबईचा इंडियन ऑटोमोटिव्ह रेसिंग क्लब ही या भागातली जुनी नावं. कोल्हापूरला मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आहे. कार्टमधली एक दुपार रेष आणि ब्रेक यांबद्दल जितकं शिकवते, तितकं सेतूवरच्या शंभर फेऱ्या शिकवत नाहीत. पुलावर ताशी १०० ने जाताना सेकंदाला २८ मीटर सरकतात, पण हात जागचे हलत नाहीत. ऑटोक्रॉसमध्ये दर दोन-तीन सेकंदांनी हात, पाय आणि नजर यांना नवं काम असतं. शक्य असेल तर एका स्पर्धेत आधी स्वयंसेवक म्हणून उभे राहा. पडलेले कोन उचलताना चांगला चालक कुठे ब्रेक सोडतो, ते कानांनी कळतं.

स्पर्धेच्या दिवशी मार्ग पायी बघायची वेळ देतात. नवखे तेव्हा गप्पा मारतात, आणि तिथेच वेळ हरतात. एकट्याने चाला. प्रत्येक वळणापाशी उकिडवे बसा, म्हणजे नजर गाडीच्या सीटच्या उंचीवर येते. उभ्याने स्पष्ट दिसलेला मार्ग तिथून नुसता केशरी गोंधळ दिसतो. मार्ग ठरवणारे कोन मोजकेच असतात, तेवढेच लक्षात ठेवायचे. गाडीत बसल्यावर समोरच्या कोनाकडे नको, त्याच्या पुढच्याकडे बघायचं, कारण ज्याच्याकडे बघाल त्यावर गाडी जाते.

ईएससी, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, बंद केल्याशिवाय खरं चालवणं होत नाही, असं कुणी सांगितलं तर पहिल्या दिवशी ऐकू नका. ती चालूच ठेवा. तिचा दिवा कुठे लुकलुकतो ते बघा, तिथेच तुमचा पाय जास्त पडतोय. पहिल्या रनचं उद्दिष्ट एकच ठेवा: मार्ग न चुकता, कोन न पाडता बाहेर येणं. वेळ तिसऱ्या-चौथ्या रनला आपोआप उतरते.

निघताना टायरची हवा पुन्हा दाराच्या पट्टीवरच्या आकड्यावर आणा, चाकांचे नट टॉर्क पान्याने तपासा, स्टेपनी आणि जॅक डिकीत परत ठेवा. मैदानावरच्या चढाओढीनंतर रस्त्यावरचा वेग काही काळ फसवा वाटतो. पाणी प्या, अर्धा तास बसा, मगच बंदराकडच्या गव्हाण फाट्याच्या ट्रेलरांमध्ये गाडी घाला.