पेशीचे दार आणि साखर-मिठाचे पाणी

पदवीच्या पहिल्या वर्षी जीवशास्त्र घेणाऱ्या विद्यार्थ्यांना पेशीची आकृती तोंडपाठ असते. केंद्रक, तंतुकणिका, लयकारिका ही नावे ते अचूक लिहितात. बाहेरची रेघ, म्हणजे प्रद्रव्यपटल, मात्र घाईने ओढली जाते. आमच्या मते पेशीची ओळख त्या रेघेपासूनच करून घ्यावी.

१६६५ साली रॉबर्ट हूक ह्यांनी बुचाच्या कापात पाहिल्या त्या मृत पेशींच्या रिकाम्या भित्तिका होत्या. जिवंत पेशीचे पटल निराळे. मेदरेणूंच्या दोन थरांचे हे पटल जेमतेम ७ ते ८ नॅनोमीटर जाडीचे असते. मीठ व साखर ह्यांना मेदातून सहजी वाट मिळत नाही. त्यांच्यासाठी प्रथिनांची दारे असतात. लहान आतड्याच्या पेशींतील एक दार तर अट घालते: सोडियमचे दोन आयन सोबत असतील तरच ग्लुकोजचा एक रेणू आत येईल. ह्या जोडीमागोमाग परासरणाने पाणीही शोषले जाते.

आत आलेले सोडियम साचू नये म्हणून पेशीच्या रक्ताकडील बाजूस एक पंप अखंड चालतो. तो दर खेपेस तीन सोडियम बाहेर टाकतो व दोन पोटॅशियम आत घेतो. त्याची ऊर्जा मुख्यतः तंतुकणिका पुरवतात, त्याचे प्रथिन रायबोझोम घडवतात आणि त्याचा आराखडा केंद्रकातील डीएनएमध्ये असतो. सारी आकृती अशी एका दारापाशी येऊन मिळते.

कॉलऱ्याचे विष ह्याच पेशींतील क्लोराइडचे दार उघडे ठेवते. क्लोराइडबरोबर पाणी वाहून जाते आणि रोगी काही तासांत दगावू शकतो. परंतु साखर-सोडियमचे दार शाबूत राहते! १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजच्या मिश्रणात एका लिटरला ७५ मिलिमोल सोडियम व तितकेच ग्लुकोज असते. म्हणूनच ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात विरघळवावे. पाणी कमी घातले तर द्रावण दाट होते आणि शरीरातील पाणी उलट आतड्यात ओढले जाते.