कातयंत्राचा नियंत्रक आणि आज्ञांच्या बोली

हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करने (स्थापना १९४१) घडविलेला एखादा जुना लेथ भोसरीच्या कारखानदारास संगणकनियंत्रित करावयाचा असेल, तर मोटारींपेक्षा नियंत्रकाची निवड अधिक विचारपूर्वक केली पाहिजे.

नियंत्रकाची खरी परीक्षा आटे पाडताना होते. (‘आटे’ हा कारागिरांचा शब्द असता त्यास संस्कृत पर्याय शोधण्याचे कारण नाही.) स्पिंडलच्या प्रत्येक फेऱ्यामागे हत्यार नेमके ठरल्याइतके, समजा १.५ मि.मी., सरकले पाहिजे. पूर्वी हे प्रमाण गिअर व लीडस्क्रू राखीत. आता स्पिंडलवरील एन्कोडरचे संकेत वाचून नियंत्रकाने ते राखावयाचे. मूळ जीआरबीएल हे संकेत वाचीत नाही, म्हणून ते प्रथमच बाद करावे. लिनक्स-सीएनसी वाचते.

परंतु भाषाभ्यासकाने पाहावी अशी अडचण पुढेच आहे. ‘जी’ आज्ञांची भाषा एकच समजली जाते. वस्तुतः तिच्या बोली आहेत. फानुकच्या लेथवरील ‘ए’ पद्धतीत जी ९२ म्हणजे आटे पाडण्याचे आवर्तन. लिनक्स-सीएनसीत त्याच आज्ञेने केवळ मोजमापाचा आरंभबिंदू बदलतो. वाक्य व्याकरणशुद्ध असल्याने यंत्र हरकत घेत नाही. पुढच्या ओळीस हत्यार भलतीकडे धावते व चकावर आदळूही शकते. हिंदीतील ‘शिक्षा’ ऐकून गोंधळलेला मराठी माणूस निदान अर्थ विचारू तरी शकतो.

तेव्हा कारखान्यातील इतर यंत्रांचे कार्यक्रम ज्या बोलीत आहेत, तीच जाणणारा नियंत्रक घ्यावा. नपेक्षा जी ९२च्या ओळी काढून ते काम जी ७६ने नव्याने लिहावे.