दुसरा संसार आणि पहिल्या मुलांचे मेझोनोत



घटस्फोटानंतर दुसरे लग्न होते, घरात पाळणा हलतो आणि आमच्याकडे प्रश्न येतो, "आता पहिल्या मुलांचे मेझोनोत कमी होतील ना?" बऱ्याच वेळा विचारणाऱ्याने रक्कम आधीच स्वतःहून कमी केलेली असते. म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट हीच की रक्कम आपल्या मनाने कमी करू नये. न्यायालय निकाल बदलत नाही तोवर ठरलेली रक्कम देणे लागते. समजा, निकालात दरमहा २,८०० शेकेल आहेत आणि बाप १,८०० भरू लागला. वर्षाअखेर १२,००० शेकेल थकतात. आई 'होत्साआ लापोआल'कडे गेली की पगारावर व बँकेच्या खात्यावर जप्ती येऊ शकते, देश सोडण्यास बंदी होऊ शकते, प्रसंगी अटकही. भाच्याच्या लग्नाला मुंबईला निघालेल्या माणसाला विमानतळावरून परत फिरावे लागले, तर दोष कुणाला द्यायचा?

नवीन मूल झाले एवढ्याने मेझोनोत आपोआप कमी होत नाही. परिस्थितीत मोठा बदल झाला आहे, ज्याला येथे 'शिनुई नेसिबोत माहुती' म्हणतात, हे सिद्ध करावे लागते. दुसरा संसार मांडताना पहिली जबाबदारी तुम्हांला ठाऊक होती, असे न्यायाधीश म्हणू शकतात. पण नव्या बाळालाही पोट आहेच. त्यामुळे त्याचा खर्च इतर गोष्टींबरोबर तोलला जातो : नोकरी गेली का, आजारपण आले का, पहिली मुले आता बापाकडे जास्त दिवस राहतात का.

मुलाचे वयही महत्त्वाचे. यहुदी कुटुंबात सहा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या आवश्यक गरजांचा भार मुख्यतः बापावर असतो. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांबाबत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये ठरवले की जबाबदारी आईबाप दोघांची. दोघांची मिळकत आणि मूल कुणाकडे किती राहते, हे पाहून वाटणी करावी. मात्र जुना निकाल त्यामुळे आपोआप बदलत नाही.

मग मार्ग कोणता? प्रथम कौटुंबिक वाद मिटवण्याचा अर्ज करावा, 'बाकाशा लेयिशुव सिखसुख'. त्यानंतर 'येहिदात सियुआ'मध्ये समाजसेवकांसमोर चारपर्यंत बैठका होतात; त्यांची फी नाही. तेथे जमले नाही तर दावा. तडजोड झाली तर ती कागदावर उतरवून न्यायालयाची मंजुरी घ्यावी. फोनवरच्या "चालेल" या शब्दावर विसंबू नये. आणि उशीर करू नये, कारण रक्कम कमी झालीच तर ती सहसा दावा दाखल केल्यापासून. मागची थकबाकी माफ होईल अशी आशा धरू नये.

पगाराचे तलुश, बँकेचे उतारे, घरभाडे किंवा माश्कान्ता, पाळणाघराच्या पावत्या, डॉक्टरांचे कागद, हे सर्व जमवून ठेवा. वकील परवडत नसेल तर न्याय मंत्रालयाच्या 'सियुआ मिश्पाती'कडे चौकशी करा. तेथे मिळकत पाहून मदत देतात.

आता आयांसाठी. बाप भरत नसेल तर 'बितुआख लेउमी'कडे अर्ज करता येतो. मिळकतीच्या व इतर अटी पूर्ण झाल्या तर ती संस्था ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे देते आणि बापाकडून वसूल करते. मुलाच्या गरजा खरोखर वाढल्या असतील, तर रक्कम वाढवून मागण्याचा मार्गही खुला आहे.

प्रत्येक घराची हकीकत वेगळी, म्हणून पाऊल टाकण्यापूर्वी जाणकार वकिलाला विचारा. आमचे सांगणे एवढेच : आईबाप वेगळे झाले तरी मुले दोघांचीच राहतात. "पप्पांकडे बाळ आले, म्हणून तुझे पैसे कमी झाले," हे वाक्य कुठल्याही मुलाच्या कानी पडू नये. हिशेब मोठ्यांनी न्यायाधीशासमोर मांडावा. आणि सणाला मलिद्याचे ताट पुढे येईल तेव्हा दोन्ही घरची मुले शेजारी बसलेली असावीत.