पंखे पाच, गीझर दोन

पुण्यात कोथरूडला भाड्याचं घर बघायला गेलं, की एजंट आधी विचारतो, ‘सेमी की फुल्ली?’ सेमी फर्निश्डमध्ये साधारण पंखे, ट्यूबलाइट, गीझर, कपाटं आणि ओट्याखालच्या ट्रॉल्या येतात. फुल्लीत त्यावर पलंग, गाद्या, सोफा, फ्रिज, वॉशिंग मशीन. भाड्यातला फरक लगेच दिसतो. दुसऱ्याचा संसार सांभाळायचा आहे, हे मात्र किल्ली हातात आल्यावरच उमगतं.

लिव्ह अँड लायसन्सच्या कराराला सामानाची यादी जोडतात. तीत सहसा वस्तूचं नाव आणि नग, एवढंच असतं : फ्रिज १, सोफा १, पंखे ५, गीझर २. वस्तू कोणत्या अवस्थेत आहे, याला रकानाच नाही. घर सोडताना डिपॉझिटवरून होणारी बहुतेक भांडणं या न लिहिलेल्या रकान्यातून निघतात, असं माझं ठाम मत आहे. म्हणून अंगठे देण्याआधी मालकीणबाईंबरोबर यादी घेऊन घरभर फिरलो.

फ्रिजच्या दारात कागद अडकवून ओढला. वरच्या बाजूला तो घट्ट बसला, खालच्या कोपऱ्यात सहज निघून आला; तिथलं रबर फाटलं होतं. गादी उलटून पाहिली. बाथरूमच्या दाराचा खालचा भाग पाण्यानं फुगला होता आणि सनमायका सुटत आला होता. प्रत्येक गोष्टीचा फोटो काढला, वस्तूपुढे एक ओळ लिहिली, वीजमीटरचं रीडिंगही टिपलं. बाईंना हे आवडेल की नाही, अशी धाकधूक होती. पण त्याच म्हणाल्या, ‘अहो, कपाटाच्या त्या बिजागरीचंही लिहा. ती आमच्या वेळचीच निखळलीय.’ रंगकामाचं त्याच बैठकीत ठरलं. घर सोडताना रंगासाठी महिन्याचं भाडं कापून घेण्याची पद्धत इकडे बरीच आहे. कापायचं की नाही आणि किती, हे आधीच कागदावर आलेलं बरं.

कराराचं काम त्यामानानं झटपट. एजंटचा माणूस लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. आधार क्रमांक, फोटो, अंगठा. आधी आम्ही दोघं, मग दोन साक्षीदार. बाईंच्या अंगठ्याच्या रेषा वयानं झिजलेल्या, मशीन काही केल्या घेईना. ओल्या फडक्यानं बोटं पुसून झाली, शेवटी तर्जनीवर काम भागलं. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के : भाडं ३० हजार, मुदत ११ महिने आणि परत मिळणारं डिपॉझिट एक लाख धरलं, तर डिपॉझिटवरचं १० टक्के व्याज मिळवूनही साडेआठशेच्या आत. शहरात नोंदणी फी हजार रुपये. एवढ्यासाठी नुसत्या नोटरीवर भागवणारे अजूनही भेटतात, याचं वाईट वाटतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. तो नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं.

नोंदणीकृत प्रत आल्यावर बाईंनी ती जोडून पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवली आणि एक प्रत सोसायटीच्या ऑफिसात दिली. त्याशिवाय वॉचमन सामानाचा टेम्पो गेटातून आत सोडत नाही.