अठरा लाखांत जुनी मर्सिडीज की नवी क्रेटा?

आजचा विषय ऐकून काही जण हसले, ते आम्ही पाहिलं. व्याख्यानमालेत गाडीखरेदीवर काय बोलणार, असं वाटणं साहजिक आहे. पण घर आणि मुलांचं शिक्षण सोडलं तर आपल्यासारख्यांच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा खर्च असतो, आणि तो आपण बहुधा मन आधी ठरवून करतो. हिशेब नंतर जुळवतो.

आमच्या घरातलंच उदाहरण सांगतो. गावाकडची वाटणीची जमीन विकली गेली आणि आम्हा दोघा भावांच्या हाती गाडीपुरते अठरा लाख आले. तेवढ्यात नवी क्रेटा किंवा तिच्या वर्गातली कुठलीही गाडी येत होती. आणि तेवढ्यातच पाच-सहा वर्षं वापरलेली, एके काळी साठ लाखांना घेतलेली जर्मन गाडीही येत होती. आमचं मन दुसरीकडे ओढत होतं. कारण आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तीस वर्षं ड्रायव्हरची नोकरी केली. दुसऱ्याची मर्सिडीज रोज पुसली, चालवली, रात्री किल्ली परत दिली आणि बसनं घरी आले. त्या गाडीच्या मागच्या सीटवर आबांना एकदा बसवायचं, एवढंच आमच्या डोक्यात होतं. तेव्हा हा विषय आम्ही तटस्थपणे मांडतोय असं समजू नका.

किंमत उतरते, पार्ट उतरत नाहीत

पहिला मुद्दा असा. गाडी नवी असताना तिचा भाव सर्वांत जास्त पडतो. विमा कंपन्या गाडीचं मूल्य धरतात त्याचं कोष्टकच ठरलेलं आहे. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, एक वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. त्यापुढे कंपनी आणि मालक मिळून मूल्य ठरवतात. प्रत्यक्ष बाजारात महागड्या गाड्यांचा भाव याहूनही जोरात पडतो. साठ लाखांची गाडी अठरा लाखांना मिळते, म्हणजे बेचाळीस लाखांचं नुकसान पहिल्या मालकानं सोसलेलं असतं. मग आपला फायदाच, असं वाटतं. हा युक्तिवाद खोटा नाही, पण अर्धा आहे.

कारण गाडी अठरा लाखांची झाली, तरी तिचे पार्ट साठ लाखांच्या गाडीचेच राहतात. हेडलाइट, गिअरबॉक्स, ब्रेक, टायर यांच्या दुकानात तुमची गाडी जुनी आहे म्हणून कुणी सवलत देत नाही. उलट पाच-सहा वर्षांनंतरच हे भाग बदलायची वेळ येते. रबरी बुश, कुलंटचे पाइप, सस्पेन्शन, बॅटरी, सेन्सर असं एकामागोमाग एक निघत जातं. अशा अनेक गाड्यांना रन-फ्लॅट टायर असतात आणि स्टेपनी नसते. एक टायर कापला तरी खर्च मोठा. डिझेल गाडी असेल तर धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. रोज शहरातच पाच-सात किलोमीटर चालवली तर तो तुंबतो. आपल्याकडे म्हणतात ना, हत्ती घेणं सोपं, पोसणं अवघड.

पाच वर्षांचा हिशेब

आम्ही घरी कागदावर मांडलेला हिशेब सांगतो. आकडे आमचे अंदाज आहेत. तुम्ही तुमचे घाला, पद्धत तीच ठेवा. वर्षाला १२ हजार किलोमीटर, म्हणजे पाच वर्षांत ६० हजार. पेट्रोल लिटरला १०५ रुपये.

नवी गाडी: अठरा लाखांना घेतली, पाच वर्षांनी नऊ लाखांना विकली, नऊ लाख गेले. सर्व्हिस आणि टायर मिळून एक लाख. लिटरला १५ किलोमीटर धरले तर चार हजार लिटर पेट्रोल, म्हणजे ४ लाख २० हजार. एकूण १४ लाख २० हजार.

जुनी आलिशान गाडी: अठराला घेतली, आणखी पाच वर्षांनी, म्हणजे दहा-अकरा वर्षांची झाल्यावर, सातला विकली, अकरा लाख गेले. देखभाल वर्षाला एक लाख, एकूण पाच. लिटरला १० किलोमीटर धरले तर सहा हजार लिटर, ६ लाख ३० हजार. एकूण २२ लाख ३० हजार.

फरक ८ लाख १० हजारांचा. महिन्याला साडेतेरा हजार रुपये. आता हे साडेतेरा हजार वाया जातात असं आम्ही म्हणत नाही. बंद काचांच्या आतली शांतता, शंभरच्या वेगाला गाडीचा स्थिरपणा, सीटचा आराम, हे खरंच मिळतं. पण त्याची किंमत महिन्याला साडेतेरा हजार आहे, हे माहीत असून घेणं वेगळं आणि 'त्याच पैशात मोठी गाडी मिळाली' असं समजून घेणं वेगळं.

कर्ज काढणार असाल तर आणखी एक भर. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर सहसा जास्त असतो. बारा लाखांचं पाच वर्षांचं कर्ज ९ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता सुमारे २४,९०० बसतो. १३ टक्क्यांनी सुमारे २७,३००. पाच वर्षांत जवळजवळ १ लाख ४४ हजारांचा फरक.

विम्याचंही बघा. थर्ड पार्टी प्रीमियम इंजिनावर ठरतो. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीला वर्षाला ३,४१६ रुपये, त्यावर ७,८९७. हा फरक किरकोळ आहे. खरी मेख झिरो डेप्रिसिएशनमध्ये. बहुतेक कंपन्या ते पाच-सात वर्षांपर्यंतच देतात. ते नसेल तर दाव्यात प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मे पैसे कापले जातात. महागड्या बंपरचे निम्मे म्हणजे किती, ते आधी विचारून ठेवा.

विकणाऱ्याला माहीत असतं

आता मुख्य गोष्ट. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी तो नाकारला, चौथ्यानं १९७० साली छापला, आणि २००१ साली त्या विचाराला नोबेल मिळालं. अमेरिकेत खराब निघालेल्या गाडीला बोलीभाषेत लिंबू म्हणतात. आपण दृष्ट लागू नये म्हणून गाडीला लिंबू बांधतो, तिकडे गाडीच लिंबू निघते!

त्याचं म्हणणं सोपं आहे. चांगली गाडी वीस लाखांची आहे, वाईट बारा लाखांची. बाहेरून दोन्ही सारख्याच चकचकीत. कोणती कोणती ते विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा मधला भाव देतो, सोळा. सोळा ऐकून चांगल्या गाडीचा मालक गाडी परत घरी नेतो, किंवा ओळखीतल्याला देतो. वाईट गाडीचा मालक आनंदानं हात पुढे करतो. असं होत होत बाजारात चांगल्या गाड्या कमी होत जातात. म्हणजे स्वस्त गाडी दिसली की पहिला प्रश्न 'किती वाचले?' हा नाही. 'ही मला का मिळतेय?' हा आहे.

आम्ही हे सगळं आबांना सांगायला गेलो, तर आबा म्हणाले, "अरे, हे मला तीस वर्षं माहीत आहे. मालक गाडी कधी विकायचे? वॉरंटी संपली की. मला विचारायचे, आता काय काय निघेल? मी सांगायचो. महिन्याभरात गाडी धुऊन-पुसून बाहेर."

आबांना आम्ही एक गाडी दाखवायला नेलं. बाहेरून सुंदर होती. आबांनी बॉनेट उघडलंच नाही, आधी चारही टायर पाहिले. चारही वेगवेगळ्या कंपन्यांचे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष; त्यावरून एक टायर फारच जुना निघाला. आबा म्हणाले, "मालकानं यावर खर्च करणं सोडलंय. टायरला पैसे नाहीत, तर गिअरबॉक्सच्या ऑइलला दिले असतील का?" सर्व्हिसची नोंद मागवली, तर शेवटच्या दोन वर्षांची नव्हतीच. आम्ही परत आलो.

घ्यायचीच असेल तर

जुनी आलिशान गाडी घेऊच नये, असं आमचं म्हणणं नाही. तीन-चार वर्षांची, वॉरंटी शिल्लक असलेली किंवा वाढवून मिळणारी गाडी, सर्व्हिसची पूर्ण नोंद, घरात रोजच्या वापराला दुसरं वाहन, आणि किमतीच्या पंधरा-वीस टक्के रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला, एवढं असेल तर जरूर घ्या. विक्रेत्याच्या ओळखीचा नाही, तुमचा मेकॅनिक न्या. स्कॅनर लावून बघा. सकाळी इंजिन थंड असताना बघा. आणि गाडी ड्रायव्हर चालवत असेल तर त्याच्याशी पाच मिनिटं बोला.

कागद नीट पाहा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याशिवाय पैसे देऊ नका. पहिल्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी असेल तर चौदा दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज करा.

दिल्लीच्या गाड्यांचा मोह अनेकांना होतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी कायम केली, २०२५ मध्ये त्यात बदलही केले. या धास्तीनं तिकडच्या गाड्या स्वस्त दिसतात. पण इकडे आणायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवी नोंदणी हे सगळं आलं. तिकडे भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी खेटे घालायची तयारी हवी. हे सगळं धरून भाव काढा.

शेवटी एक प्रश्न

श्रोत्यांतून एका ताईंनी विचारलं आहे: "मग तुम्ही काय घेतलं?"

नवी घेतली. आबांनीच ठरवलं. आम्ही म्हटलं, आबा, तुम्हाला त्या गाडीत मागे बसवायचं होतं. तर म्हणाले, "मागे बसायला मला काय झालंय? आणि दर महिन्याला तुमची तोंडं उतरलेली बघत बसू का? मालकाच्या गाडीला ओरखडा पडेल या भीतीत तीस वर्षं काढली. आता स्वतःच्या गाडीची भीती नको."

गाडी घरी आली त्या दिवशी आईनं ओवाळलं, नारळ फोडला. किल्ली आबांच्या हातात दिली. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले, आरसे जुळवले, आई शेजारी बसली. आम्ही दोघं मागे.

तेव्हा मंडळी, हिशेब कागदावर जरूर करा. पण त्यात एक रकाना वाढवा: ही गाडी दारात उभी असताना आपल्याला रात्री झोप लागेल का? ज्यांना लागेल त्यांनी जुनी मर्सिडीज खुशाल घ्यावी. आम्हाला लागली नसती.