चलन कोणाच्या नावाचे?

कबनूरच्या एखाद्या सूतव्यापाऱ्याने वेगवान गाडी घेतली, की ती लवकरच पुणे-मुंबई द्रुतगती महामार्गावर धावते. तेथील कॅमेरे वेग टिपतात आणि चलन मालकाच्या मोबाईलवर येते. गाडी मुलाने चालवलेली असो वा पगारी चालकाने, रक्कम पेढीच्या खर्चात टाकून विषय मिटवला जातो.

मोटार वाहन कायद्याचे कलम १८३ इतके उदार नाही. वेगमर्यादा ओलांडणाऱ्याइतकाच, आपल्या नोकराला तसे करावयास लावणाराही त्यात दोषी आहे. हलक्या वाहनास १,००० ते २,००० रुपये दंड. अपराध पुन्हा घडल्यास चालकाचा परवाना जप्त होऊ शकतो. कृत, कारित, अनुमोदना हा भेद जाणणाऱ्या श्रावकाला यात नवल वाटू नये. ‘माल पाचच्या आत पोहोचलाच पाहिजे’ असे फोनवर बजावणे हे कारितच. मुलाचे चलन निमूटपणे भरणे अनुमोदनेपासून फार दूर नाही.

चलन चुकीचे असल्यास महाट्रॅफिक ॲपवर तक्रार करता येते. पोलिसांनी विचारल्यास गाडी कोण चालवत होते हे सांगणे कलम १३३ नुसार मालकाचे कर्तव्य आहे. मुलाऐवजी चालकाचे नाव पुढे केले, तर सत्याणुव्रत तिथेच भंगते.

ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. चार हात भूमी पाहून पाऊल टाकणाऱ्या मुनिसंघांचा विहार अनेकदा महामार्गांच्याच कडेने चाललेला असतो.