रस्ता आखताना आपण कुठे असतो?



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या शेतकी ऑफिसात रोज एक तरी तक्रार रस्त्याची येते. ट्रॉली रुतली, ट्रेलर पलटी झाला, वळणावर दोन गाड्या समोरासमोर अडकल्या. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटते, उतारा घटतो, आणि नुकसान सभासदाचे व कारखान्याचे दोघांचेही होते. मग सगळेजण इंजिनिअरला आणि ठेकेदाराला नावे ठेवतात. त्यांची बाजू घेण्याचे आम्हाला काही कारण नाही. पण रस्ता आखला त्या दिवशी आपण कुठे होतो?

प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. या योजनेच्या नियमांत एक चांगली तरतूद आहे, ती फार थोड्यांना ठाऊक आहे. रस्त्याचा सविस्तर आराखडा करताना इंजिनिअरने गावकऱ्यांबरोबर आखणीवरून पायी फिरायचे असते. याला ट्रान्सेक्ट वॉक म्हणतात. आपण आखणीची फेरी म्हणू. फेरीची गावात आधी जाहिरात करायची, सरपंच, तलाठी, पंचायतीच्या महिला सदस्य व महिला बचत गटांच्या प्रतिनिधींना बोलवायचे. कोणाची जमीन किती जाते, आखणी थोडी सरकवता येते का, हे जागेवरच बोलायचे. जे ठरले त्याचे इतिवृत्त लिहून आराखड्याला जोडायचे.

नियम असा. प्रत्यक्षात पुष्कळदा दोन-चार मंडळी जीपमधून फिरून येतात आणि फेरी झाल्याचे कागद तयार होतात. आपल्याच कार्यक्षेत्रातल्या एका गावी (नाव घेत नाही) रस्ता भराव टाकून उंच केला आणि वरच्या शिवाराचे पाणी जिथून उतरते नेमक्या तिथेच मोरी ठेवली नाही. दोन पावसाळे खालच्या बाजूचा नव्हे, वरच्या बाजूचा ऊस पाण्यात उभा राहिला. शेवटी लोकांनी पहारी घेऊन नवा रस्ता फोडला व पाइप टाकला. दोष कोणाचा? इंजिनिअर उन्हाळ्यात येतो, त्याला ओढा कोरडा दिसतो. पावसात पाणी कुठून वाहते हे त्या बांधावर राबणाऱ्या बाईमाणसाला ठाऊक असते, आणि तिला फेरीला कोणी बोलावलेच नव्हते.

तेव्हा फेरीला जाताना काय सांगायचे ते घरी ठरवून जा. पाण्याची वाट आधी दाखवा. मग उपशाची पाइपलाइन रस्ता कुठे ओलांडते ती जागा दाखवा. डांबर पडल्यावर खोदायला गेलात तर भांडण आणि खर्च दोन्ही. फडातून भरलेली ट्रॉली रस्त्यावर चढते तिथला चढ सौम्य करून मागा. या योजनेचा डांबरी पट्टा बहुधा ३.७५ मीटरच असतो. उसाच्या दोन गाड्या त्यावर एकमेकींना पास होत नाहीत, म्हणून मध्ये बाजूला थांबायला जागा कुठे सोडता येईल तेही सुचवा. आणि बोललेले सगळे इतिवृत्तात उतरले की नाही ते वाचून घ्या. नुसते तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते.

जमिनीचा प्रश्न नाजूक आहे. या योजनेत जमीन विकत घ्यायला पैसे नसतात, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ती लोकांच्या संमतीने घेतली जाते. संमती म्हणजे संमती. गट नंबर आणि क्षेत्र लिहिल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही-अंगठा करू नका. वीस गुंठेवाल्याचे दोन गुंठे आणि दहा एकरवाल्याचे दोन गुंठे सारखे नव्हेत. आखणी सरकवायचीच तर मोठ्या खातेदाराने आपण होऊन पुढे यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते काहींना रुचणार नाही.

राष्ट्रीय महामार्गाचे प्रकरण मात्र वेगळे. तिथे १९५६ चा कायदा लागतो. भूसंपादनाची अधिसूचना निघाली की तिचा मजकूर दोन स्थानिक वृत्तपत्रांत छापतात, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतले असते. राजपत्रात अधिसूचना आल्यापासून २१ दिवसांच्या आत ज्याची जमीन जाते त्याने सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत कारणांसह द्यायची, त्यावर सुनावणी होते. ग्रामसभेने ठराव केला म्हणून आपली हरकत पोचली असे समजून गप्प बसू नका. पुढची घोषणा निघाली की जमीन सरकारच्या नावे होते, मग राहतो तो मोबदल्याचा वाद. प्रकल्पाला पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी लागत असेल, तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे तिची किमान ३० दिवसांची नोटीस असते. त्या भागातल्या कोणालाही तिथे बोलता येते, आणि शेवटी कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो. तो ऐकल्याशिवाय उठू नका.

आणखी एक. ग्राम सडक योजनेचा रस्ता झाल्यावर पाच वर्षे देखभाल त्याच ठेकेदाराने करायची असते. खड्डा पडला तर गावच्या फलकावरची तारीख बघा आणि अर्ज करा.

आपल्या गावात आखणीची फेरी ठरल्याचे कळले की गट ऑफिसला कळवा, म्हणजे वाहनमालक आणि गाडीवान यांनाही त्या दिवशी बोलावून घेता येईल. अवघड वळणे त्यांच्याइतकी कोणाला माहीत नाहीत.